आमच्याकडे 'धर' म्हणत नाहीत

भुताच्या गोष्टी मला आवडत नाहीत. अमावस्या, पिंपळ, पांढरी साडी असलं काही सुरू झालं की मी सरळ पुढच्या पानावर जाते.

यात तसलं काही नाही. त्या दिवशी अमावस्या होती की पौर्णिमा, मला ठाऊकसुद्धा नाही. वेळ सकाळची होती, जागा ग्वाल्हेरच्या ट्रान्सपोर्ट नगरातलं आमचं गॅरेज. आणि जे झालं ते माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत, माझ्या डोळ्यांदेखत झालं.

विश्वास ठेवा, नाहीतर राहू द्या.

फक्त एक शब्द आधी सांगून ठेवते.

धर.

आमच्या घरात हा शब्द कोणी उच्चारत नाही. 'हे ताट पकड', 'दोरी पकड', 'माझा हात पकड'... सगळीकडे 'पकड'. पुण्याचे पाहुणे हसतात. म्हणतात, तुमचं मराठी पार हिंदाळलंय. हसू देत. आमचे पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे आले ते इथलेच झाले. आता घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि भांडण दोन्हीत.

माझा धाकटा भाऊ संग्रामसिंह याचं लग्न झालं आणि साताऱ्याची सोनल घरात आली. चौथ्या-पाचव्या दिवशी ती उकळत्या दुधाचं पातेलं उचलून आबांना म्हणाली, "आबा, हे जरा धरता का?"

आबा म्हणजे आमचे वडील, महिपतराव. त्यांच्या हातातला घास हातातच राहिला. ते उठून खोलीत गेले ते संध्याकाळपर्यंत बाहेर आले नाहीत.

पोरगी बिचारी रडकुंडीला आली. मग मी तिला गच्चीवर नेऊन कान्होजीकाकांची गोष्ट सांगितली. मला लहानपणापासून जशी सांगितली गेली होती, तशीच.

कान्होजीकाका आबांचे धाकटे भाऊ. गॅरेज दोघांनी मिळून उभं केलं होतं. माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. काका एका ट्रकखाली झोपून काम करत होते. जॅकपाशी हेल्पर होता, इथलाच, हिंदी बोलणारा. जॅक सरकतोय असं काकांना वाटलं आणि ते ओरडले, "धर! धर!"

आपल्या मराठीत धर म्हणजे घट्ट पकड.

इकडच्या हिंदीत धर म्हणजे खाली ठेव.

हेल्परनं जॅक खाली घेतला.

त्या दिवसापासून सोनलही 'पकड' म्हणायला लागली.

आता जानेवारीतली गोष्ट.

ग्वाल्हेरचं धुकं ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. सकाळचे दहा वाजून गेले होते, तरी गॅरेजच्या फाटकावरचा दिवा जळत होता. तो दिवाही नुसता पिवळा डाग दिसत होता. फाटक दिसतच नव्हतं.

मी माहेरी असते. का असते, ते इथे महत्त्वाचं नाही. गॅरेजमधलं लॅपटॉपचं काम माझं आणि गाडीखाली शिरण्याचं काम संग्रामचं, अशी आमची वाटणी आहे.

त्या सकाळी रामवीर नावाचा ड्रायव्हर एक जुना ट्रक घेऊन आला. २०१६ चं मॉडेल. एबीएसचा दिवा कधी लागतो, कधी विझतो.

"दीदी, जे गाड़ी रुकते-रुकते छोड़ देत है," तो मला म्हणाला. "पाँव ब्रेक पे धरो है, और गाड़ी आगे सरक जात है. कल एक ठेला बचो, बस भगवान ने बचाओ."

हा दोष नवा नव्हे. एबीएस म्हणजे काय, तर ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊन घसरू नये म्हणून त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सोडायचा आणि परत पकडायचा. प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर असतो, तो वेग सांगतो. सेन्सर सैल झाला की गाडी हळू झाल्यावर त्याला काही कळेनासं होतं. मग गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं चाक जाम झालं. तो ब्रेक सोडून देतो. गाडी थांबता थांबता पुढे सरकते.

मी लॅपटॉप जोडला. दोष दाखवला मागच्या डाव्या चाकाचा.

"तासाभराचं काम आहे," संग्राम म्हणाला. "शेवटच्या गाळ्यात लावू."

मी त्याच्याकडे बघितलं.

शेवटचा गाळा म्हणजे जिथे काका गेले तो. आबांनी तिथे कित्येक वर्षं जुने टायर रचून ठेवले होते, कोणी गाडी लावू नये म्हणून. दिवाळीत संग्रामनं ते टायर भंगारात विकले. आबा खूप चिडले होते.

"ताई, बाकी गाळे भरलेत. धुक्यात गाडी बाहेर उभी करू का? मागून कोणी येऊन ठोकेल." संग्राम हसला. "तू ना, टेन्शन नको घेऊस."

मला तेव्हाच अडवायला हवं होतं का? माहीत नाही. त्याचं म्हणणं चूक नव्हतं.

ट्रक शेवटच्या गाळ्यात लागला.

मागची डावी बाजू जॅकवर उचलली. चाकं काढली, मग ड्रमही ढिला केला. नियमानं जॅकशेजारी लोखंडी घोडी लावायची, म्हणजे जॅक बसला तरी गाडी घोडीवर अडते. घोड्या दुसऱ्या ट्रकांखाली अडकल्या होत्या. संग्रामनं लाकडी ठोकळा लावला आणि थोड्या वेळानं तोही काढून ठेवला.

"ठोकळा का काढलास?" मी केबिनमधून ओरडले.

"हात नाही जात आत! पाच मिनिटं, ताई. कशाला चिल्लावतेस?"

"सोनलला सांगू?"

"सांग. ती तुझ्यापेक्षा जास्त चिल्लावेल."

त्याच्या डोक्यावर तिनंच विणलेली लाल लोकरीची टोपी होती. तो पाठीवर सरकत आत गेला. रामवीर जॅकचा दांडा हातात घेऊन उकिडवा बसला. संग्रामनं त्याला बजावून ठेवलं होतं, मी सांगेपर्यंत जॅकला हात लावायचा नाही.

मी केबिनमध्ये ड्रायव्हरच्या सीटवर होते. लॅपटॉप मांडीवर, दार बंद, काच चार बोटं खाली. संग्रामचा आवाज यावा म्हणून.

चावी फिरवली.

चावी फिरली की एबीएस स्वतःची तपासणी करतं. प्रत्येक चाकापाशी हवेचा एक लहानसा सुस्कारा ऐकू येतो. चार चाकांचे चार. जुने मिस्त्री नुसत्या आवाजावरून सांगतात, कुठलं चाक बोललं नाही ते.

फुस्स.

फुस्स.

फुस्स.

फुस्स.

चारही बरोबर. मी स्क्रीनकडे बघितलं आणि तेवढ्यात...

फुस्स.

पाचवा.

माझ्या सीटच्या खालून. तिथे हवा सोडणारा कुठलाही व्हॉल्व्ह नसतो.

"संग्राम, ऐकलंस?"

"कुठून तरी हवा गळत असेल. जुनी गाडी आहे. रीडिंग सांग."

मी रीडिंग बघितलं. मागचं डावं चाक... चार.

ताशी चार किलोमीटर.

"ड्रम हळू फिरव," मी म्हटलं.

"काय हळू फिरव? मी अजून हात नाही लावलाय."

"चार दाखवतंय."

"वायर घासली असेल. थांब, प्लग काढतो." खालून खटपट ऐकू आली. "काढला. आता?"

"चार."

"शक्यच नाही. सेन्सर माझ्या हातात आहे, ताई."

मी लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. हात गार पडले होते, ते थंडीनं असं मी स्वतःला सांगितलं. स्क्रीन आली. मागचं डावं चाक, शून्य.

हुश्श केलं.

आणि मग मागचं उजवं... चार.

त्या बाजूला कोणी नव्हतं. ते चाक जमिनीवर होतं, गाडी जागची हललेली नव्हती.

"संग्राम, आता उजवं दाखवतंय."

उत्तर आलं नाही, नुसतं "हं हं" आलं. म्हणजे त्यानं टॉर्च दातात धरली... दातात पकडली होती. आमच्या घराण्याची ती सवय आहे. दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून टॉर्च तोंडात. आबाही तसंच करायचे. टॉर्च तोंडात असली की संग्रामशी बोलण्यात अर्थ नसतो.

मागचं उजवं शून्य झालं.

पुढचं उजवं... चार.

तेव्हा माझ्या लक्षात आलं.

ताशी चार किलोमीटर म्हणजे माणूस रमतगमत चालतो तो वेग. आधी मागचं डावं चाक. मग गाडीच्या मागून वळून मागचं उजवं. मग कडेकडेनं पुढचं उजवं.

कोणीतरी गाडीला वळसा घालत होतं.

पुढचं उजवं चाक माझ्या दाराच्या बरोबर खाली होतं.

शून्य.

आता सगळीच चाकं शून्य.

जे कोणी होतं ते थांबलं होतं.

मी मान वळवली नाही. खरंच सांगते, माझी हिंमत झाली नाही. शेजारच्या गॅरेजात सकाळपासून पत्र्यावर हातोडी चालू होती. ती केव्हा थांबली मला कळलं नव्हतं. फाटकापलीकडच्या रस्त्यावर एकही गाडी नव्हती. ट्रान्सपोर्ट नगरात... सकाळच्या वेळी... एकही हॉर्न नाही.

मग ते ऐकू आलं.

"धर..."

ओरडून नव्हे. ताटात पोळी वाढताना आपण म्हणतो ना, तसं. शांतपणे. पुरुषाचा आवाज, अगदी जवळचा.

आमच्या गॅरेजात हा शब्द कोण म्हणालं, एवढाच विचार आला. आणि त्याच क्षणी मागून रामवीर म्हणाला,

"हाँ भैया, धर रए."

माझ्या अंगाखालची सीट एका बाजूला कलली.

"पकड!" मी किंचाळले. "रामवीर, पकड! मत धर! जॅक पकड, नीचे आदमी है!"

दार कसं उघडलं, खाली उडी कशी मारली, आठवत नाही. लॅपटॉप सिमेंटवर पडून फुटला. मी गाडीच्या मागून वळले तेव्हा रामवीर दोन्ही हातांनी जॅक आवळून बसला होता. ट्रकची मागची बाजू वीतभर खाली आली होती.

"संग्राम!"

काही नाही.

"संग्राम!"

मग त्याचे बूट दिसले. मग पाय. तो कोपरांवर सरकत, घसटत बाहेर आला. कपाळावर ओरखडा होता, डोकं उघडं. मी त्याला कॉलरला पकडून ओढलं आणि तसाच छातीशी धरला. हो, धरला. लिहिताना हा शब्द पुन्हा हातून सुटला, राहू दे.

त्याची लाल टोपी आत ड्रमखाली दबली होती. फक्त तिचा गोंडा बाहेर दिसत होता.

"काहे उतारो तैंने?" मी रामवीरच्या अंगावर धावले.

"दीदी, कसम से, भैया ने कही! भैया ने ही कही, धर!"

मी संग्रामकडे वळले. त्याला एक लगावून द्यावी असं वाटलं. इतकी वर्षं घरात जो शब्द टाळला तो तिथेच बोलायचा?

आणि माझा हात तसाच राहिला.

टॉर्च अजून त्याच्या दातांत होती. जबडा एवढा आवळला होता की मला ती दोन बोटांनी ओढून काढावी लागली.

"तो शब्द तू नाही म्हणालास?" मी विचारलं.

त्यानं नकारार्थी मान हलवली. मग म्हणाला, "मला वाटलं आबा आले."

आबा किला गेट भागातल्या आमच्या घरी होते. सर्दी-खोकल्यानं अंथरुणाला खिळलेले.

शेजारची हातोडी पुन्हा सुरू झाली होती.

ट्रकचं म्हणाल तर त्यात विशेष काही निघालं नाही. दुपारी दुसऱ्या गाळ्यात नेऊन, घोडी लावून, संग्रामनं पुन्हा खोलला. सेन्सरसमोरची दातेरी रिंग तडकली होती. नवी बसवली, दिवा विझला, ब्रेक ठीक झाला. रामवीर अजूनही तीच गाडी चालवतो, कसली तक्रार नाही. गाडीत काही नव्हतंच.

संध्याकाळी घरी गेलो. सोनलला काही सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं. संग्रामनं कपाळावरचा ओरखडा दार लागून आल्याचं सांगितलं. ती त्याला हळद लावत बसली, आणि मी आबांच्या खोलीत गेले.

त्यांना सगळं सांगितलं. चाकांचे आकडे सांगितले, तो शब्द सांगितला. टॉर्चचं सांगायचं राहिलं. मला रडू येत होतं, राग पण येत होता. मी म्हटलं, "आबा, काका अजून तिथे आहेत का? संग्राम त्यांचा पुतण्या ना? मग असं का करतील?"

आबा अंथरुणावर उठून बसले.

मग त्यांनी विचारलं, "आवाज आला तेव्हा संग्रामच्या तोंडात टॉर्च होती का?"



"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"होती का?"

"होती."

त्यांनी डोळे मिटले. "कान्होजीच्या पण होती."

मला काही कळेना.

"बाहेर काढला तेव्हा दातात होती," आबा म्हणाले. "मी काढली ती. तो काही ओरडला नव्हता, गरिमा. ओरडणार कसा? हेल्पर शपथा घेत होता, कान्होजीभैया बोले. मी फाटकापाशी चहा सांगत होतो. मी पण ऐकलं. मला वाटलं हेल्परच बोलला. सगळ्यांनी ऐकलं, आणि म्हटलं कोणीच नव्हतं."

"मग आम्हाला इतकी वर्षं ते... काका ओरडले म्हणून..."

"लोकांना काय सांगणार होतो? पोलिसांना काय सांगणार होतो? भाषेची गफलत झाली म्हटलं, सगळ्यांना पटलं." त्यांना खोकल्याची ढास लागली. मी पाणी दिलं. पेला त्यांनी दोन्ही हातांत घट्ट पकडला. "तुम्हाला काय वाटतं, शोक म्हणून मी तो शब्द बंद केला?"

"मग?"

"आपल्यातलं कोणीच तो म्हणणार नाही, म्हणून. म्हणजे कधी कानावर आलाच तर लगेच कळेल..."

ते थांबले.

"...की बोलणारं आपल्यापैकी नाही."

दुसऱ्या दिवशी संग्रामनं स्वतःहून गावभरातून जुने टायर गोळा केले आणि शेवटचा गाळा छतापर्यंत भरून टाकला. आता आमच्याकडे घोडीशिवाय कोणी गाडीखाली जात नाही. जॅकपाशी मी उभी राहते, दुसऱ्या कोणाला राहू देत नाही. काही दिवस झोप नीट लागली नाही. मग लागायला लागली. मलाही वाटायला लागलं होतं की झालं, संपलं.

ही गोष्ट मी आता का लिहिते आहे, ते सांगते.

गेल्या आठवड्यात मला ताप होता. मी घरीच होते. दुपारी सोनल संग्रामचा डबा घेऊन गॅरेजला गेली आणि परत आली ती गाल फुगवून.

"ताई, मला एवढे नियम सांगता. आणि तुमचा भाऊ?"

"काय केलं त्यानं?"

"गॅरेजात कोणी दिसेना, म्हणून मी हाक मारली. तर मागून, त्या टायरांकडून म्हणतात कसे, 'धर.' मी म्हटलं, अहो, काय धरू? तर परत काही बोलायलाच तयार नाहीत. मी डबा टेबलावर ठेवला आणि आले निघून."



संग्राम सकाळपासून दौलतगंजच्या बाजारात होता, सामान आणायला. दुपारी त्यानं तिथूनच मला फोन केला होता, औषध घेतलंस का विचारायला.

सोनलला मी हे सांगितलेलं नाही. तिला आता दिवस गेलेत, तिला कसं सांगू? एवढंच म्हटलं की थट्टा केली असेल, मी त्याला रागावते.

डबा आता मीच घेऊन जाते.